‘अनामिक रानफूल’ लिहिणं थांबवूया

या अंकाची प्रुफं तपासायला बसले आणि शुद्धलेखनाची एक शंका काढायला मंडळाचे जुने अंक उघडले. शंका राहिली बाजूला, कविताच वाचत बसले. एक शब्द सारखा भेटत होता: अनामिक. अनामिक रानफूल, अनामिक गंध, माळावरचं कुठलंसं अनामिक निळं फूल. शेवटची ओळ माझीच आहे, दुसऱ्या वर्षाला असताना लिहिलेली. तेव्हा ती मला फार आवडली होती. आज वाचताना लाज वाटली, कारण ते फूल अनामिक नव्हतं. त्याला भरपूर नावं होती, मलाच ती माहीत नव्हती. आणि माझं अज्ञान मी फुलाच्या अंगावर घातलं होतं.

या लेखात माझं म्हणणं एवढंच आहे: हा शब्द आपण इतक्या सहज वापरणं थांबवूया. ‘मला नाव माहीत नाही’ असं लिहिणं प्रामाणिक आहे. ‘अनामिक’ लिहिलं की आपण सांगतो की त्याला नावच नाही. या दोन वाक्यांत केवढा फरक आहे हे मला एका बरडावर, एका आजीने, दोन मिनिटांत शिकवलं.

गेल्या पोळ्याला मी वर्गातल्या मैत्रिणीबरोबर तिच्या गावी, सावरगावला गेले होते. नागपूरहून पांढुर्ण्याला गाडीने जायचं, मग जाम नदीचा पूल ओलांडला की सावरगाव. गाव मध्य प्रदेशात, घरातली भाषा मराठी, शाळेतली पुस्तकं हिंदी. 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, हा पट्टा मात्र पलीकडेच राहिला. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके. बाहेरच्या जगाला मात्र सावरगाव एकाच गोष्टीसाठी माहीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. गोटमार. इंटरनेटवर गावाचं नाव टाका, दगड, गर्दी आणि रक्ताळलेली डोकी एवढंच दिसेल. मैत्रीण पहिल्या वर्षाला आली तेव्हा तिला विचारलेला पहिला प्रश्न हाच होता, ‘म्हणजे तुम्ही दगड मारणारे का?’

पोळ्याच्या सकाळी बैलांच्या अंघोळी चालल्या होत्या, घरात पुरणाची गडबड. आम्हा दोघींना तिच्या आजीने बरोबर घेतलं आणि गावाबाहेरच्या बरडावर नेलं, गुरांसाठी गवत आणायला. जमीन मुरमाड, मधूनमधून उघडे दगड, बोटभर उंचीचं गवत. मी नेहमीच्या सवयीने आभाळ, डोंगर, ढग वगैरे पाहत होते. पायाखाली काहीतरी निळं दिसलं म्हणून थांबले आणि उभ्या उभ्याच फोनमध्ये फोटो काढला. आजी म्हणाल्या, ‘उभ्यानं काय पायून रायली पोरी? बस खाली. बसल्याबिगर नाई दिसत थे.’

बसले. आणि खरंच, उभ्याने जो एक निळा ठिपका होता त्याचे तीस-चाळीस झाले. शर्टाच्या बटणाएवढी फुलं, उघड्या बशीसारखी, निळी, मध्ये पांढुरकी. ‘आजी, कोणतं फूल हे?’ ‘शंखाहुली. काऊन, तुमच्या नागपुरात नाई का?’

नागपुरात आहे. नंतर शोधलं तर आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, एका पडीक लेआउटमध्ये सापडलं. एकवीस वर्षं मी त्याच्यावरून चालत होते.

आता खरी गंमत पुढे आहे. फोनमधल्या एका अ‍ॅपला मी फोटो दाखवला. त्याने क्षणात नाव सांगितलं, ‘ब्लू डेझ’. मी खूश. हे नर्सरीत कुंडीत मिळतं तेच, असं मी मैत्रिणीला ऐटीत सांगितलं. ते साफ चुकीचं निघालं. ‘ब्लू डेझ’ म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेरॅटस, ब्राझीलकडची बागेतली वनस्पती. तिचं फूल दुपटीहून मोठं, झुडूप दाट आणि कुंडीत गच्च भरणारं. बरडावरची होती तिची चुलतबहीण, इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. मराठीत विष्णुक्रांता, शंखवेल, कुणी निळी शंखपुष्पी म्हणतं. आजींची शंखाहुली. म्हणजे आजींचं नाव बरोबर होतं आणि माझा फोन एका चुलत घराचा पत्ता सांगत होता. फोनला दोष देत नाही. मी त्याला उभ्याने काढलेला, फक्त निळा रंग दिसणारा फोटो दिला होता. त्याने निळ्या रंगापुरतं उत्तर दिलं.

पण आजींचं नाव घेऊन मी पुढे शोधायला लागले तेव्हा दुसराच गुंता समोर आला. ‘शंखपुष्पी’ या एका नावाखाली आपल्या देशात निदान चार वेगवेगळ्या वनस्पती नांदतात. भारत सरकारच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस, तिचं फूल पांढरं किंवा फिकट गुलाबी. केरळात शंखपुष्पम म्हटलं की गोकर्ण. बंगालकडच्या परंपरेत कॅन्स्कोरा नावाची, चौकोनी खोडाची, वेगळ्याच कुळातली वनस्पती. आणि चौथी आपली ही निळी विष्णुक्रांता. ‘विष्णुक्रांता’ हे नावही निर्वेध नाही. जुन्या ग्रंथांत ते गोकर्णीलाही, म्हणजे अपराजितेलाही लावलेलं सापडतं.

तेव्हा कुणी म्हणेल, बघा, नावांवर विश्वास ठेवता येत नाही, मग ‘अनामिक’ काय वाईट? माझं उत्तर उलटं आहे. एक नाव चौघींना लागतं म्हणूनच नावावर थांबायचं नाही, वनस्पतीकडे परत जायचं. नाव हे ओळखीचं पहिलं पाऊल आहे. पुढची पावलं डोळ्यांनी टाकायची असतात. आणि ती अवघड नाहीत. मी साहित्याची विद्यार्थिनी, बारावीनंतर वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं, तरी एका दुपारीत जमलं. तुम्हालाही जमावं म्हणून सांगते.

पहिलं, खोड बघा. विष्णुक्रांतेच्या एका लहानशा, लाकडासारख्या टणक मुळापासून अनेक बारीक फांद्या निघतात आणि जमिनीलगत चहूकडे पसरतात. त्या कशालाही वेढत नाहीत. हीच तिच्या शास्त्रीय नावातली गोष्ट आहे. ‘कॉन्व्हॉल्व्ह्युलस’ म्हणजे वेढे घालणारी. ‘इव्हॉल्व्ह्युलस’ म्हणजे वेढा सोडवलेली, उलगडलेली. कूळ एकच, पण ही चढत नाही, गुंडाळत नाही. गोकर्ण मात्र कुंपणावर चढते, तिला संयुक्त पानं आणि चपट्या शेंगा असतात. तिथेच ती वेगळी पडते.

दुसरं, फांदी आणि पान बोटांत धरा. दोन्हींवर मऊ, रेशमी लव असते. उन्हात ती चंदेरी दिसते. पानं लहान, सहसा एक-दोन सेंटिमीटरची, आणि देठ जवळजवळ नसल्यासारखा. पावसात बांधावर उगवणारा केना निळाच फुलतो म्हणून माझ्यासारखी माणसं फसतात. पण केन्याच्या फुलात दोन मोठ्या निळ्या पाकळ्या ठळक दिसतात, तिसरी बारकी, आणि फूल दुमडलेल्या हिरव्या पानासारख्या आवरणातून वर येतं. विष्णुक्रांतेची फुलं दोऱ्यासारख्या बारीक, लांब देठावर एकेक-दोनदोन येतात आणि पाच पाकळ्या जोडून एकच बशी झालेली असते.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, फुलाच्या मध्यात बघा. भिंग असेल तर उत्तम. पांढऱ्या पुंकेसरांच्या मधून स्त्रीकेसराचे दोन धागे निघतात आणि प्रत्येक धागा पुढे पुन्हा दुभंगतो, म्हणजे टोकं चार. फार्माकोपियातल्या शंखपुष्पीत धागा एकच असतो आणि त्याची टोकं दोन. ज्या नावावरून इतकी वर्षं वाद चालला त्यातल्या या दोघींचा निकाल असा केसाएवढ्या धाग्यात आहे.

चौथं, वेळ. फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटून जातात. दुपारी गेलात तर बरड रिकामं वाटेल. पाचवं, फळ. मिरीच्या दाण्याहून लहान, गोल बोंड, वाळलं की चार कप्प्यांत उकलतं. सहावं, पुन्हा जा. ही एका पावसाळ्याची पाहुणी नाही, बहुवर्षायू आहे. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, मुळी खाली तग धरते आणि पाऊस पडला की फुटते. जागा लक्षात ठेवली तर पुढच्या वर्षी तीच भेटते, तिची मुलगी नव्हे.

हे सगळं जुळवत असताना मैत्रिणीने एक शंका काढली. तिने बरडाच्या वरच्या अंगाची एक फांदी आणि खालच्या बांधाजवळची एक फांदी शेजारी धरली. वरचीची पानं अरुंद, टोकदार, लवेने जवळजवळ पांढरी. खालचीची पानं रुंद, लंबगोल, हिरवीगार. फुलंही एकीची गडद, दुसरीची फिकी. ‘या दोन वेगळ्या आहेत,’ ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. पण फुलाच्या मध्यात दोन्हीकडे तेच: दोन धागे, चार टोकं. देठ तसाच, बोंड तसंच.

हा गोंधळ आमचा दोघींचाच नाही. 1753 मध्ये लिनियसने ही वनस्पती आधी कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये टाकली होती, 1762 मध्ये तिथून काढून इव्हॉल्व्ह्युलसमध्ये आणली. त्याच वेळी अरुंद पानांच्या झाडाला त्याने वेगळी जात मानून ‘लिनिफोलियस’ म्हटलं, म्हणजे जवसाच्या पानांची. पुढच्या अभ्यासकांनी त्या ‘जातीला’ याच जातीचा एक प्रकार ठरवलं. 1934 मध्ये फान ओस्टस्ट्रोम या डच अभ्यासकाने संपूर्ण प्रजातीवर ग्रंथ लिहिला आणि पानांचा आकार, लव वगैरे पाहून या एका जातीचे अनेक नैसर्गिक प्रकार मांडले. आजही कुणी ते प्रकार वेगळे मोजतं, तर कुणी म्हणतं की मधल्या अवस्थेची झाडं इतकी सापडतात की रेघ कुठे ओढणार? अमेरिका, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया, जिथे जिथे ऊन आहे तिथे ही एक जात निसर्गतः पसरलेली आहे. एवढ्या जागांवर राहणारी सगळीकडे सारखीच कशी दिसेल? अरुंद पान हे रुंद पानाचं बिघडलेलं रूप नाही. दोन्ही मूळचीच.

इथे मला थांबून दुसऱ्या एका विषयावर बोलायचं आहे, आणि तो विषयांतर वाटला तरी नाही. माझी ही मैत्रीण मंडळाच्या अभिवाचनाला पहिल्या वर्षी दोनदा आली. दुसऱ्या वेळी तिने स्वतःची गोष्ट वाचली. त्यात ‘मले’, ‘तुले’, ‘करून रायली’ होतं. मागच्या रांगेतून हसू आलं. नंतर एकाने, वाईट हेतूने नव्हे, तिला ‘शुद्ध’ करून दाखवलं. त्यानंतर ती ऐकायला येते, वाचत नाही. तिची मराठी म्हणजे हिंदीने बिघडवलेली आपली मराठी, असं आपण न तपासता ठरवून टाकलं. उभ्यानेच. खाली बसलो असतो तर दिसलं असतं की ‘मले’ ही तिच्या आजीच्या आजीपासूनची मराठी आहे, वऱ्हाडापासून नागपूर ओलांडून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत बोलली जाणारी. अरुंद पानाची विष्णुक्रांता.

मी फुलावरून माणसांवर उगाच उडी मारत नाही. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. फरक दिसला की आपण एक तर त्याला परका ठरवतो, नाही तर चुकीचा. तिसरी शक्यता, म्हणजे तो याच जातीचा तितकाच खरा प्रकार असू शकतो, ही तपासायला वेळ लागतो. तो वेळ न देण्याला आपण कधी ‘शुद्धता’ म्हणतो आणि कधी, कवितेत, ‘अनामिक’.

आता कुणी म्हणेल, फुलाच्या नावाने असं काय अडतं? अडतं. आमच्या हॉस्टेलमधल्या मुली परीक्षेआधी शंखपुष्पीचं सरबतासारखं औषध घेतात. एकीच्या बाटलीवर चित्र होतं ठसठशीत निळ्या गोकर्णीचं आणि बारीक अक्षरांत नाव होतं कॉन्व्हॉल्व्ह्युलसचं, जिचं फूल निळं नसतंच. आत काय आहे हे पिणाऱ्या मुलीने कशावरून ओळखायचं? एका नावावर चार वनस्पती चालत असताना जी स्वस्त आणि हाताशी, ती पिशवीत जाते. (आणि कृपा करून हा लेख वाचून कुणी बरडावरची पानं उकळून पिऊ नका. ओळख पटणं वेगळं, औषध देणं वेगळं. ते वैद्यांचं काम.)

गणपतीचंही तसंच. एकवीस पत्रींमध्ये विष्णुक्रांता आहे. पोळा झाला की चार दिवसांत गणेशचतुर्थी, म्हणजे ती फुलते त्याच दिवसांत तिला मागणी येते. आमच्याकडे गणपती बसत नाही, पण शेजारच्या काकूंसाठी मी बाजारातून पत्रीची जुडी आणते. यंदा उलगडून पाहिली तर त्यात विष्णुक्रांता म्हणून जे होतं ते कसलंसं भलतंच वेलाचं पान. देवाला चालत असेल, तो भाग माझा नाही. पण ज्या दिवसात लोकांनी ही वनस्पती वर्षातून एकदा तरी हातात धरून ओळखावी अशी सोय परंपरेने केली होती, त्याच दिवसात ती ओळख पुसली जाते आहे. आणि काही ठिकाणी उलट होतं. नेमकी ओळखणारी माणसं ती मुळासकट उपटतात. फांदी खुडली तर मुळी पुन्हा फुटेल. मूळच उपटलं तर बहुवर्षायू असून काय उपयोग?

सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीची. ज्या जागेला आपण ‘पडीक’, ‘ओसाड’, ‘काही नाही तिथे’ म्हणतो, ती बरडं, माळ आणि गायरानंच या फुलाचं घर आहेत. ‘तिथे काही नाही’ हे वाक्य खोदकामाच्या आणि प्लॉट पाडण्याच्या अर्जात फार उपयोगी पडतं. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकांची जैवविविधता नोंदवही असावी अशी तरतूद आहे. गावातली झाडंझुडपं, प्राणी आणि त्यांच्याबद्दल गावाला असलेली माहिती त्यात लिहायची. त्या वहीत ‘अनामिक रानफूल’ असं कुणी लिहू शकत नाही. आजींसारखं कुणी बसून नाव सांगितलं तरच ओळ भरते.

आपल्या कॉलेजच्या मासिकात हे लिहिताना आणखी एक आठवण द्यायला हवी. मी कॅथलिक आहे, रविवारच्या शाळेत वाढले. डोंगरावरच्या प्रवचनात येशू रानातल्या फुलांकडे बोट दाखवतो, तो उतारा तोंडपाठ. ते फूल नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण आमच्या फादरांनी एकदा सांगितलं की तिथलं मूळ ग्रीक क्रियापद नुसतं ‘पाहा’ असं नाही. ‘नीट शिकून घ्या’ असं आहे. हे काही धर्मगुरूंनी अक्षरशः घेतलं. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले स्विस जेझुइट फादर ब्लॅटर आणि त्यांच्यानंतरचे स्पॅनिश जेझुइट फादर सांतापाव यांनी आयुष्यं वनस्पती ओळखण्यात घालवली. सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. झेवियर्समधला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आजही ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो. अशा संग्रहातल्या प्रत्येक कागदावर वाळलेल्या फांदीशेजारी काय लिहिलेलं असतं? कुठे सापडली, कधी सापडली, कोणी गोळा केली. जागरूक माणूस असेल तर, तिथले लोक तिला काय म्हणतात.

हा शेवटचा रकाना माझ्या मते सगळ्यात जास्त विसरला जातो. केरळच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या सुरुवातीच्या कामात मॅथ्यू नावाचे एक कार्मेलाइट पाद्री होते. पहिल्या खंडात तीन कोकणी वैद्यांनी आपल्या भाषेत आणि देवनागरी अक्षरांत दिलेलं प्रशस्तिपत्र छापलेलं आहे. त्याच ग्रंथात आपली ही वनस्पती तिच्या देशी नावाने, ‘विस्णु-क्लांदी’ म्हणून, चित्रासह आली. पुढे लिनियसने नाव दिलं ते ‘अल्सिनॉइडिस’, म्हणजे युरोपातल्या ‘अल्सिने’ नावाच्या एका तणासारखी दिसणारी. शास्त्राच्या व्यवहाराला ते नाव लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. जगभरच्या लोकांना एकाच वनस्पतीबद्दल बोलता येतं ते त्यामुळेच. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने दोन्ही नावं शेजारी ठेवून बघावीत. एकात विष्णूचं पाऊल पडलेलं आहे, दुसऱ्यात दूरच्या कुठल्या तणाची आठवण आहे. आणि आपण काय करतो? दोन्ही टाकून ‘अनामिक’ लिहितो.

माझ्या काही कवी मित्रांचा आक्षेप मला माहीत आहे. कविता म्हणजे वनस्पतिशास्त्राचं जर्नल नाही, नाव लिहिलं की गूढ जातं. मला हे पटत नाही. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ काढा. तिथे झाडं नावानिशी येतात आणि गूढ तसूभर कमी होत नाही. मारुती चितमपल्लींनी नोकरी जंगलात केली आणि तिथल्या माणसांच्या तोंडची नावं मराठीत आणली. आज आपण ती वाचतो तेव्हा शब्द म्हणूनही ती सुंदर वाटतात. शंखाहुली हा शब्द स्वतःशी एकदा मोठ्याने म्हणून बघा. ‘अनामिक फूल’ यापेक्षा तो कवितेला जास्त देतो की नाही? आणि नाव कळल्यावर गूढ कुठे संपलं? चार टोकांचे दोन धागे, वेढा न घालणारा वेल, सकाळी उघडून दुपारी मिटणारी बशी, हे सगळं मला नाव कळल्यानंतरच दिसलं.

म्हणून मंडळापुढे एक साधा प्रस्ताव ठेवते. दिवाळीच्या सुट्टीत आपण प्रत्येकाने आपापल्या गावाकडून एक रानफूल आणायचं. खुडून नाही, लिहून. पाच गोष्टी: जागा, तारीख, तिथली माणसं त्याला काय म्हणतात, ते नाव कोणत्या नात्याच्या माणसाने सांगितलं, आणि तुम्ही खाली बसून काय पाहिलंत. चार फोटो: पूर्ण झाड, पान, फूल समोरून, फूल किंवा फळ बाजूने. शास्त्रीय नाव आपल्याला नाही जमलं तर वनस्पतिशास्त्र विभागाच्या सरांना विचारू, दोन जिने उतरून खाली तर जायचं आहे. एकाच फुलाची तीन गावांची तीन नावं आली तर तिन्ही ठेवायची, एकालाही ‘अपभ्रंश’ म्हणायचं नाही. आणि ज्याचं नाव खरंच नाही सापडलं, त्याच्यापुढे लिहायचं, ‘नाव मला अजून कळलेलं नाही.’ त्यातला ‘अजून’ महत्त्वाचा.

पहिलं पान मी भरलं आहे. सावरगाव, पोळ्याचा दिवस, सकाळची वेळ, शंखाहुली, सांगणारी मैत्रिणीची आजी. पाहिलेलं वर्णन मैत्रिणीने लिहिलंय, तिच्या भाषेत, ‘थे’ आणि ‘मले’सकट. मी त्यातला एकही शब्द बदललेला नाही. पुढच्या अभिवाचनाला ती ते वाचणार आहे, असं निदान आज तरी म्हणते आहे. मागच्या रांगेतल्यांना एवढीच विनंती, त्या दिवशी पुढे येऊन बसा.